तपास-पेनाची खोटी साक्ष

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे, पण माझ्या पोटात शाई नाही. कित्येक वर्षांत मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण ती नीट सांगता येईल का, याची मला खात्री वाटत नाही. आणखी एक आधीच सांगून टाकतो. मी जे सांगेन त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. हे मी नम्रपणाने म्हणत नाही. मी एकदा खोटी साक्ष दिली आहे, आणि त्या साक्षीपायी एका बाईच्या हातचं काम जाणार होतं.

माझं कवच एका शिक्षकांचं. ते घाटंजीच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी गळू लागलो, त्यांच्या सदऱ्यावर निळा डाग पडला. मग एक दिवस ते रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले आणि मला दुकानाच्या फळीवर ठेवून निघून गेले. विसरले की मुद्दाम ठेवून गेले, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुकान मोहिउद्दीन उस्तादांचं होतं. त्यांनी माझी नीब काढली आणि तिथे शिलाई मशीनची सुई बसवली. सुई त्यांच्या बायकोची, हजराबींची. जाड जीन्स शिवताना तिचं नेढं मोडलं होतं. माझ्या पोटात त्यांनी एका मेलेल्या टेपरेकॉर्डरचा लाल दिवा घातला, तांदळाच्या दाण्याएवढा. दिवा जळू नये म्हणून त्याच्यापुढे एक रेझिस्टन्स लावला. माझ्या मानेतून, म्हणजे मागच्या टोकातून, काळी तार बाहेर काढली आणि तिच्या टोकाला चिमटा जोडला. टोपणाला बारीक भोक पाडलं, दिवा दिसावा म्हणून. झालं. लिहिणारा पेन तपासणारा पेन झाला.

माझं काम सोपं आहे. चिमटा निगेटिव्हला लावायचा आणि सुई तपासायच्या जागी टेकवायची. तिथे वीज असेल तर मी पेटतो. नसेल तर पेटत नाही. माझ्याजवळ दोनच शब्द आहेत, उजेड आणि अंधार.

पण उस्तादांना माझ्या दुसऱ्या शब्दाचा संशय होता. ते म्हणत, ‘हा पेटला म्हणजे वीज नक्की. नाही पेटला तर दोन गोष्टी. एक तर तिथं वीज नाई, नाई तं पेनच मेला.’ म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. काहीही तपासण्याआधी ते माझी सुई अशा जागी टेकवत, जिथे वीज आहे हे पक्कं ठाऊक असे. मी पेटलो की म्हणत, ‘सलाम.’ मग तपास करत. तपास झाला की परत त्याच जागी येऊन मला पुन्हा पेटवून पाहत आणि पुन्हा म्हणत, ‘सलाम.’ जाताना एक, येताना एक. दुसरा सलाम झाल्याशिवाय ते माझा अंधार खरा मानत नसत.

गिऱ्हाईकं हसायची. एकदा एक जण म्हणाला, ‘चाचा, हा पेन हाय का पाहुना? येता-जाता सलाम करून राह्यले!’

‘पाहुना नाई रे बाबू,’ उस्ताद म्हणाले. ‘गवाह हाय. गवाहाले दोनदा विचारा लागते.’

मला तेव्हा थोडं वाईट वाटायचं. इतकी वर्षं बरोबर राहूनही माझ्यावर विश्वास नाही, असं वाटायचं. आता वाटतं, माझ्या आयुष्यात माझी तेवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नाही. ते माझी तारही सैल गुंडाळत, बोटांभोवती तीन मोठे वेढे. ‘तारेले ढील पाहिजे,’ म्हणत.

किती रेडिओ, किती टीव्ही झाले, मोजदाद नाही. लोक म्हणत, ‘मोहिउद्दीनभाईचा पेन लागला की रोग सापडला.’ नंतर टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके सपाट झाले आणि कोणी ते दुरुस्तीला आणेना. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण एका डोळ्याने साथ सोडली. दुकानाचं शटर पडलं. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून राहिलो. डब्यात सलाम नसतो, मित्रांनो. आपण अजून पेटतो का, हे डब्यात पडलेल्याला कळत नाही. मला वाटतं, संशयाचा आजार मला तिथेच जडला.

त्यातून मी बाहेर आलो तो अतुलमुळे. अतुल उस्तादांकडे दोन वर्षं शिकला होता. पुढे आयटीआय करून तो गावोगावची यंत्रं दुरुस्त करू लागला होता. एका ईदला तो भेटायला आला, तेव्हा उस्तादांनी मला त्याच्या हातात ठेवलं. ‘सलाम विसरू नको,’ एवढंच म्हणाले.

अतुल चांगला मुलगा आहे, हे मला आधी सांगू द्या. तो मला खिशात मिरवायचा. ‘उस्तादांचा पेन’ म्हणून चार लोकांना दाखवायचा. पण तो घाईत असे. घाईत तो माझी तार माझ्याच अंगाभोवती घट्ट आवळून गुंडाळायचा, जशी भोवऱ्याला दोरी. रोज. माझ्या मानेपाशी, जिथे तार आत शिरते, तिथे मला काहीतरी बोचू लागलं. बाहेरून काळं प्लास्टिक धड होतं. आतली तांब्याची तार मात्र एकेक धागा करून तुटत होती. मला कळत होतं का? थोडं कळत होतं. खरं सांगायचं तर मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तिथे येतो.

घाटंजीबाहेर सदाशिवरावांचा फर्निचरचा कारखाना आहे. तिथे सागवानी दारांवर नक्षी कोरणारं सीएनसी यंत्र आहे. संगणकात चित्र घालायचं, फळी बांधायची, आणि फिरणारं पातं आपोआप नक्षी कोरत जातं. ते यंत्र लालीबाई चालवते. लालीबाई तांड्यावरची. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल. आली तेव्हा ती दारं पॉलिश पेपरने घासायला आली होती. घासता घासता यंत्राकडे बघत राहायची. आधीचा चालवणारा पुण्याला निघून गेला, तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून सदाशिवरावांनी तिला उभं केलं. त्याला तीन वर्षं झाली. पातं बोथट झालं की तिला ते आवाजावरून कळतं.

यंत्राच्या बाजूला एक लोखंडी पेटी आहे आणि तिच्यात एक हिरवा बोर्ड. त्या बोर्डाच्या दोन काठांना पिना आहेत. एका काठाच्या पिना ऐकतात. पातं फिरत फिरत कडेला पोचलं की तिथला स्विच दाबला जातो, आणि ही खबर तारेतून त्या पिनांकडे येते. दुसऱ्या काठाच्या पिना हुकूम देतात. मोटार फिरव, पातं सुरू कर, भुसा ओढणारा पंखा लाव. ऐकणारी पिन बहिरी झाली किंवा हुकूम देणारी मुकी झाली, तर यंत्र अडतं.

त्या सकाळी यंत्र अडलं. बाभुळगावच्या एका घराचं दार कोरलं जात होतं. वेलीची सहा पानं झाली होती. सातव्या पानाच्या मध्यावर पातं थबकलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. कडेचा स्विच दाबलेला आहे, असं यंत्र म्हणत होतं. पातं तर फळीच्या मधोमध होतं.

सदाशिवरावांनी अतुलला बोलावलं. अतुलने पेटी उघडली. त्याच्या मीटरची बॅटरी त्या दिवशी नेमकी उतरलेली होती. तो म्हणाला, ‘काही फिकर नाई. उस्तादांचा पेन हाय.’

त्याने मला पाच व्होल्टच्या जागी टेकवलं. मी पेटलो. पहिला सलाम झाला. मग हुकूम देणाऱ्या सहा पिना. संगणकावरून एकेक पिन चालू करायची आणि मला तिथे टेकवायचं. पहिलीवर मी पेटलो. दुसरीवर पेटलो. तिसरीपर्यंत पोचायला अतुलने हात वाकवला, माझी मान मुरगळली, आणि मी क्षणभर लुकलुकून विझलो. चौथीवर अंधार. पाचवीवर अंधार. सहावीवर हात सरळ झाला आणि मी पुन्हा पेटलो. मग ऐकणाऱ्या पिना. त्यांच्या तारा सोडवून बघायचं असतं. पिन धड असली तर मी तिथे मंद पेटतो, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. तिथे फक्त एकीवर अंधार, कडेच्या त्याच स्विचच्या पिनेवर.

दुसरा सलाम अतुलने घेतला नाही.

‘चार पिना गेल्या,’ तो म्हणाला. ‘तीन इकडच्या, एक तिकडची. दोन्ही काठाच्या एकदम आपोआप जात नाईत. कोनाचा तरी हात लागला. मोटारीची चोवीस व्होल्टची तार पिनाइले भिडली.’

सदाशिवराव हळूहळू लालीबाईकडे वळले. ‘काल संध्याकाळी तुह्या खिशात पेचकस होता. मी पाह्यला. कायले होता?’

लालीबाई म्हणाली, ‘पंख्याची तार ढिल्ली झालती, मालक. पंखा मधातच बंद पडे. मी स्क्रू कसला फक्त.’

‘म्हणजे पेटी उघडली तू?’

‘उघडली.’

‘कोनाले विचारून?’

पंख्याची पिन म्हणजे चौथी. मी जिच्यावर अंधार दाखवला होता, ती. सगळं कसं चपखल बसलं होतं. खोटी साक्ष अशीच असते, मित्रांनो. ती आधीपासून असलेल्या संशयाच्या मापाची निघते.

‘अतुलभाऊ,’ लालीबाई अचानक म्हणाली, ‘तिसरीवर तो जरासा पेटला होता. मी पाह्यलं. मंग विझला. पुन्हा लावून पाहा ना.’

‘भुसा गेला असंल डोळ्यात,’ अतुल हसून म्हणाला.

‘डोळ्यात गेला तं पानी येते. दिवा नाई दिसत.’

‘तू काहून बोलून राह्यली मधात?’ सदाशिवराव ओरडले. ‘बोर्ड जाळला, आता मेकॅनिकले शिकवते! उद्यापासून मशीनजवळ नाई यायचं. घासायचं असंल तं घास पॉलिश पेपर, नाई तं घरी राह्य. अतुल, नवा बोर्ड मागव.’

ती यंत्रापासून बाजूला झाली. मला मात्र तेव्हा फार बोलावंसं वाटलं. ती बरोबर पाहत आहे, तिसरी पिन जिवंत आहे, अंधार माझा आहे! पण मी नक्की सांगू शकलो असतो का? माझ्या मानेत दुखतं आहे एवढंच मला ठाऊक होतं. तिसरी पिन जिवंत होती, की मला ती जिवंत वाटली? स्वतःवरचा संशयही कधी कधी भित्रा असतो. तो मनात राहतो, बाहेर येत नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले. अतुल मोबाईलवर नव्या बोर्डाची चौकशी करत दाराशी उभा होता. मी टेबलावर पडलो होतो. लालीबाईने डबा उघडलाच नव्हता. ती टेबलाजवळ आली, मला उचललं आणि तार नीट सैल धरून शर्टाच्या खिशात घातलं. त्याच खिशात, जिथे आदल्या दिवशी पेचकस होता.

ही आता मला फेकणार, असं मला वाटलं. मी तिचा शत्रूच नव्हतो का? ती मागच्या फाटकाने बाहेर पडली. त्या दिवशी बाजार होता. कांद्याच्या ढिगांमधून, दोरखंडांच्या दुकानांवरून ती भराभर चालत होती आणि दर दहा पावलांनी मागे वळून बघत होती. मीही संशय घेतच होतो, विहीर कोणत्या बाजूला आहे म्हणून.

ती थांबली ती मोहिउद्दीन उस्तादांच्या अंगणात. उस्ताद बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

‘कोन?’

‘मी लालीबाई, चाचा. सदाशिवरावांच्या मशीनवरची. तुमचा पेन आणला.’

तिने मला त्यांच्या हातावर ठेवलं. कितीतरी वर्षांनी तो हात. त्यांनी मला पाहिलं नाही, चाचपलं. सुई, टोपण, तार. मानेपाशी येऊन त्यांचा अंगठा थांबला.

‘अतुलनं पाठवला?’

‘नाई. मी चोरून आणला.’

उस्तादांनी भुवया वर केल्या. तिने सगळं सांगितलं, अगदी पेचकसासकट. शेवटी म्हणाली, ‘माह्यावर आळ घेतला, घेऊ द्या. मी पेटी उघडली होती, हे खरं हाय. पण चाचा, मले सगळ्याइनं विचारलं. त्या पेनाले कोनं विचारलं?’

उस्तादांनी हजराबींना हाक मारून रेडिओ मागवला. त्यातले तीन सेल जोडून त्यांनी मला टेकवलं. मी पेटलो. ‘बाई, मले धड दिसत नाई. तू सांग, पेटला?’

‘पेटला.’

त्यांनी माझी मान जराशी वाकवली.

‘विझला, चाचा.’

‘आता?’

‘पेटला. आता विझला. पुन्हा पेटला!’

उस्तादांनी माझी मान हलकेच सरळ केली. मी त्यांच्या हातात होतो आणि मला लाज वाटत होती. शेवटी ते म्हणाले, ‘गवाह फुटला, बाई. पण जानूनबुजून नाई. याची मान आवळली कोनंतरी.’ मग शेंगांची टोपली बाजूला सारून काठी शोधू लागले. ‘चोरून आणला म्हणते ना तू? चल मंग, दोघं मिळून चोरी कबूल करू.’

कारखान्यात गोंधळ चालू होता. अतुल टेबलाखाली वाकून मला शोधत होता. लालीबाई दारात दिसताच सदाशिवराव कडाडले, ‘पाह्यलं? पेनही इनंच नेला! म्हणलं नव्हतं मी?’

‘दवाखान्यात आणला होता तिनं,’ तिच्या मागून उस्ताद म्हणाले.

सदाशिवराव ओशाळले. ‘मोहिउद्दीनभाई? तुम्ही कायले तकलीफ केली? अतुलनं तपासलं सगळं.’

उस्ताद अतुलकडे वळले. ‘जाताना सलाम घेतला होता?’

‘घेतला, चाचा.’

‘येताना?’

अतुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

‘मंग तपास अर्धा झाला,’ उस्ताद म्हणाले. ‘आन् सजा पूरी.’

त्यांनी अतुलकडूनच माझं ऑपरेशन करवलं. मानेपासून चार बोटं तार कापली. प्लास्टिक सोललं तेव्हा आतून तुटक्या तांब्याचा चुरा सांडला. अतुल तो चुरा तळहातावर घेऊन बघत राहिला. त्याने धड तार पुन्हा आत घालून सोल्डर गनने डाग दिला. डाग चांगला बसला. एवढी साक्ष मी छातीठोकपणे देऊ शकतो. बहुतेक.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. आधी मुख्य बटण बंद करून पेटीतल्या तारा बघितल्या, मग चालू केलं. लालीबाई उस्तादांचा डोळा झाली. सदाशिवराव हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा संशय अजून उतरला नव्हता. तो आता उस्तादांवरही पसरला होता, असं त्यांच्या नजरेवरून वाटत होतं.

‘सलाम?’

‘पेटला.’

‘पहिली?’

‘पेटला.’

तिसरी. मी पेटलो. चौथी, पंख्याची. मी पेटलो. पाचवी, सहावी. सहाच्या सहा जिवंत.

‘आता सलाम.’

‘पेटला, चाचा.’

‘हुकूम देनारा काठ बेदाग,’ उस्ताद म्हणाले. ‘आता ऐकनारा.’

ऐकणाऱ्या पिनांवर मी एकेक करून मंद पेटत गेलो. त्या एका पिनेवर मात्र अंधार. सगळ्यांनी श्वास धरला. मीही धरला असता. अतुलने मला परत पाच व्होल्टवर नेलं. मी लख्ख पेटलो. पुन्हा त्या पिनेवर अंधार, पुन्हा सलाम, पुन्हा उजेड. तो अंधार माझा नव्हता. पिन खरंच मेली होती. स्विच असो वा नसो, ती ‘दाबलेला आहे’ एवढंच बरळत होती.

‘म्हणजे जळली तं जळलीच ना?’ सदाशिवराव म्हणाले. ‘एक काय आन् चार काय!’

‘फरक हाय,’ उस्ताद शांतपणे म्हणाले. ‘चार असत्या तं पेटीत हात होता. एकच हाय तं आग तारेतून आली. लालीबाई, तू कोनत्या काठाले पेचकस लावला होता?’

‘इकडच्या. पंख्याच्या.’

‘आन् मेली ती त्या काठाची. अतुल, या पिनेची तार पकड आन् चालत जा. सोडू नको.’

मुख्य बटण पुन्हा बंद केलं. अतुल तार चिमटीत धरून निघाला. पेटीतून बाहेर, यंत्राच्या पाठीमागून, एका काळ्या, पोकळ साखळीत. यंत्राच्या सगळ्या तारा त्या साखळीतून जातात आणि पात्याबरोबर मागे-पुढे सरकतात. साखळीत सगळ्या तारा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून एकत्र बांधलेल्या होत्या, दर वीतभर अंतरावर एक. तिसऱ्या पट्टीखाली अतुलचं बोट अडकलं. त्याने पट्टी कापली. स्विचची बारीक तार आणि मोटारीची जाड तार एकमेकींवर घासून घासून उघडी पडली होती. दोन्हींचं तांबं काळं झालं होतं.

‘नवा बोर्ड लावला असता तं तोही जळला असता,’ अतुल हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, ‘पट्ट्या कोनं बांधल्या?’

लालीबाईने जमिनीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं, पण तिने सांगितलं नाही.

‘मी बांधल्या,’ सदाशिवराव म्हणाले. ‘दिवाळीत. तारा लोंबत होत्या, मले ते बरं दिसे ना. म्हणलं, कसून बांधू.’

‘तारेले ढील पाहिजे, भाऊ,’ उस्ताद एवढंच म्हणाले.

ते वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलं होतं! पण त्या दिवशी मला वाटलं, मी ते पहिल्यांदाच ऐकतो आहे. माझी मान आवळून तुटली, त्या तारा आवळून जळल्या.

पुढचं काम सोपं होतं. त्या काठावर एक पिन रिकामीच होती. स्विचला नवी तार घातली, मोटारीच्या तारेपासून दूर, सैल. ती रिकाम्या पिनेत बसवली आणि संगणकाला सांगितलं की आता कडेची खबर या नंबरवर येईल. लालीबाईने बोटाने स्विच दाबला. पडद्यावरचा ठिपका पेटला. सोडला, विझला. तिने तो पाच-सहा वेळा दाबून पाहिला. मेलेल्या पिनेवर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, पुन्हा कोणी चुकून तिथे तार घालू नये म्हणून. बाटली तिच्या पिशवीत होती. ‘तांड्यावर लग्न हाय,’ ती लाजत म्हणाली.

सदाशिवराव पकड घेऊन साखळीपाशी बसले आणि उरलेल्या पट्ट्या स्वतः एकेक करून कापू लागले. कापता कापता, वर न बघता म्हणाले, ‘लालीबाई, ते दार अधुरं राह्यलं. तुम्ही मशीन सुरू करा.’

तीन वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं होतं. माझं कदाचित चुकत असेल. मी काही रोज तिथे नव्हतो. पण अतुलनेही मान वर करून पाहिलं.

लालीबाई लगेच उठली नाही. ‘मालक, एक सांगू? पेटीले कुलूप लावा. आन् एक चाबी माह्यापाशी ठेवा. उद्या पंख्याचा स्क्रू ढिल्ला झाला तं मी कसीन. पन तुम्हाले सांगून कसीन.’

सदाशिवरावांची पकड थांबली. ‘ठेवा,’ ते म्हणाले.

सातवं पान पुरं झालं. पातं जिथे थबकलं होतं, तिथे पानाच्या कडेला नखाएवढी खाच राहिली आहे. लालीबाईने ती पॉलिश पेपरने घासून मऊ केली, पण पुरती गेली नाही. आता ते दार बाभुळगावला एका घराला लागलं आहे. येणारे-जाणारे म्हणत असतील, या पानाला कीड लागली होती का?

जाताना अतुलने मला उस्तादांच्या हातात परत दिलं. ‘चाचा, मी याच्या लायक नाई,’ म्हणाला. उस्तादांनी मला चाचपलं आणि लालीबाईकडे दिलं. ‘तुम्ही दोघं मिळून सांभाळा. ही जाताना विचारेल, तू येताना विचार.’

तेव्हापासून मी त्या पेटीच्या दाराला आतून एका खिळ्यावर टांगलेला असतो. माझी तार तीन सैल वेढ्यांत असते. रोज सकाळी लालीबाई कुलूप उघडते, मला पाच व्होल्टवर टेकवते आणि पुटपुटते, ‘सलाम.’

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी असेल. एखादं घड्याळ, काटा, थर्मामीटर, जे तुम्हाला खरं-खोटं सांगतं. त्याला आवळून गुंडाळू नका, डब्यात कोंडून विसरू नका. आणि त्याच्या सांगण्यावरून कुणाकडे बोट दाखवण्याआधी त्याला एकदा परत विचारा. ते रागावणार नाही. मी तर वाटच पाहत असतो.

कधी कधी लालीबाई मला त्या लाल ठिपक्याच्या पिनेवरही टेकवते. मी पेटत नाही. मग ती मला परत सलामाच्या जागी नेते. मी पेटतो. ती मान हलवते, मला खिळ्यावर अडकवते आणि यंत्र सुरू करते.